सुटं बदक मिळत नाही

…आणि वर बायको मलाच म्हणते, "तुम्हाला प्रेमातलं काही कळत नाही!" मला? अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला? हो हो, ताई, येतंय ऐकू, आतून ओरडू नका, घसा बसेल! लिफ्ट पडत-बिडत नाही हो, चांगले जाडजूड दोर आहेत तिला, तुम्ही आत तिघंच आहात, मी वर जाऊन मेन बंद करून आलोय आणि आता इथे चौथ्या मजल्यावर स्टुलावर उभा आहे, ही फटीतून बोटं दिसतायत ना, ती माझीच. दाराचं वरचं चाक रुळातून उतरलंय, दुसरं काही नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणि आमच्या धंद्यात एक नियम आहे, पहिल्या दिवशी हातात पाना देण्याच्या आधी शिकवतात : आत माणसं अडकली की त्यांच्याशी बोलत राहायचं. माणसं गप्प बसली की घाबरतात, घाबरली की दार ओढतात, आणि दार ओढलं की माझं वीस मिनिटांचं काम दोन तासांवर जातं! म्हणून बोलायचं. आता मी काय बोलणार? हवापाण्यावर किती बोलणार? माझ्याकडे सध्या एकच विषय आहे. बदक.

हसू नका. आधी सांगा, आत कोण कोण आहे? तुम्ही दोघं नवरा-बायको, बरं. आणि ते फाइलवाले साहेब? एकटेच का? नाही, लिफ्टमध्ये एकटे ते कळलं मला, म्हणजे… एकूणच एकटे का? लग्नबिग्न? नाही झालेलं? अरे वा! नाही नाही, काही नाही, असंच. कागदावर लिहावं लागतं.

तर तुम्हाला सांगतो, चार महिन्यांपूर्वी लेक नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली, तिची खोली रिकामी झाली. त्याच महिन्यात माझी ड्यूटी बदलली. पहाटे पाचला हॉस्पिटलच्या लिफ्टा तपासायच्या, दुपारनंतर असे अडकल्याबिडकल्याचे फोन. पाचला हजर म्हणजे चारला गजर. आणि माझा गजर म्हणजे काय साधा नाही, जुनं चावीचं घड्याळ आहे, डोक्यावर दोन घंटा, वाजलं की टेबलावरून चालत खाली पडतं! मी विचार केला, बायकोची झोप कशाला मोडा? तिने काय पाप केलंय? म्हणून मी आपलं अंथरूण उचललं, घड्याळ उचललं आणि लेकीच्या खोलीत जाऊन झोपायला लागलो. लेकीची कॉट तिच्या दहाव्या वर्षी घेतलेली, माझे पाय घोट्यापासून बाहेर. छतावर तिने चिकटवलेल्या चांदण्या. पन्नाशी उलटलेला माणूस, पाय हवेत, डोक्यावर चांदण्या. माझी तक्रार नाही, मी आपला सांगतोय.

काय म्हणालात ताई? बायकोला सांगितलं का? आता त्यात सांगायचं काय? उघड आहे! चारचा गजर आहे, माणूस पलीकडे झोपला. याला कोणी पत्रक काढतं का?

हां, तर दोन महिने गेले आणि घरात शिरली ऊर्जाताई. ऊर्जाताई म्हणजे बायकोची मावसबहीण. तिचं खरं नाव मीसुद्धा विसरलोय. आधी ती प्लास्टिकचे डबे विकायची, तेव्हा आमच्या घरात चौसष्ट डबे होते. मग विमा विकायला लागली, तेव्हा माझ्या इतक्या पॉलिसी झाल्या की तितक्या वेळा मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटायचं. आणि आता तिने तीन दिवसांचा फेंगशुईचा कोर्स केलाय. तीन दिवस! आम्हाला लिफ्टच्या दाराला हात लावू देईपर्यंत दोन वर्षं घासलं होतं, आणि हिला तीन दिवसांत लोकांच्या झोपायच्या खोलीत शिरायचा परवाना! आली ती थेट आत गेली, मधोमध उभी राहिली, डोळे मिटले, नाकातून हवा ओढली आणि म्हणाली… तिचा आवाज असा, ताटात मध ओतल्यासारखा, "भाऊजीऽऽ, या खोलीत प्रेम थांबलंयऽऽ." मी म्हटलं, "मेन बंद असेल." तर बायकोने माझ्याकडे असं बघितलं की माझा फ्यूज उडाला.

पण बरं का, ऊर्जाताई स्वतः प्रेमाची मोठी जाणकार. तिचे यजमान वर्षातले अकरा महिने दौऱ्यावर. "आमचं कधी म्हणून भांडण नाही," ती सांगते, "सगळं जोडीच्या वस्तूंमुळे." अगं बाई, जोडीच्या वस्तूंमुळे नाही, रेल्वेच्या वेळापत्रकामुळे!

तर नियम असा निघाला, की झोपायच्या खोलीत प्रत्येक गोष्ट जोडीनं पाहिजे. एकटी वस्तू ठेवली की एकटेपण येतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या वस्तूंची हकालपट्टी सुरू. माझी खुर्ची, पंचवीस वर्षांची, जिच्यात माझ्या पाठीचा साचा पडलाय, ती बाहेर. का? एकटी आहे. माझा रेडिओ बाहेर. का? एकटा आहे. मी पहिली लिफ्ट बसवली तेव्हाचा फोटो होता भिंतीवर, तरणाताठा उभा आहे मी, हातात पाना. तो बाहेर. "भाऊजीऽऽ, फोटोत एकट्या पुरुषाला ठेवलं की पुरुष एकटाच राहतोऽऽ." मी म्हटलं, अहो मागे लिफ्ट आहे ना, आम्ही दोघं आहोत फोटोत! कोण ऐकतो? मग पलंगाखालून माझी हत्यारं बाहेर. तिथे अडगळ असली की म्हणे प्रेम घुसमटतं. आरसा बाहेर. पलंगासमोर आरसा असला की संसारात तिसरं माणूस शिरतं. तिसरं कसं? गणित लक्षात घ्या. आम्ही दोघं आणि आरशात दोघं, म्हणजे झाले चार! तिसरा कुठून आला? तुमच्या लिफ्टमध्ये पण आरसा आहे, बघा, घाबरू नका, तो तुम्ही सहा जण वाटावेत म्हणून नाही, दाढी बघायला लावलाय.

आणि जे गेलं त्याच्या जागी जे आलं! दोन दिवे, गुलाबी. दोन लाल मेणबत्त्या, पेटवायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. गुलाबी दगड दोन, लिंबाएवढे, नैऋत्य कोपऱ्यात, कारण प्रेम म्हणे नैऋत्येला राहतं. आमच्या नैऋत्येला कपाट होतं. अख्खं कपाट मी एकट्याने सरकवलं, प्रेमाला जागा करून द्यायला! दोन उशा नव्या, त्यांच्यावर लाल अभ्रे. एक मोठ्या फुलांचं चित्र पण आणलं होतं, गुलाबी, परातीएवढं एकेक फूल. मी पाणसळ लावून, अगदी बुडबुडा मधोमध आणून, टांगलं. चार दिवसांनी ऊर्जाताईचा फोन. "अगं, मी पुस्तक पुन्हा वाचलंऽऽ, ते फूल नव्या जोडप्यांसाठी असतंऽऽ. जुन्या जोडप्याने खोलीत लावलं की नवरा बाहेर बघायला लागतोऽऽ!" उतरवा! चार भोकं भिंतीला, आणि चित्र बाहेरच्या खोलीत. आणि बायको चार दिवस माझ्यावर नजर ठेवून, मी बाहेर बघतोय का. मी खिडकीतून पाऊस येतोय का बघितलं तरी, "काय बघताय?" माझी तक्रार नाही, मी आपला सांगतोय.

मला एक कळत नव्हतं, हे सगळं चाललंय कुणासाठी? मी तर पलीकडच्या खोलीत, पाय बाहेर काढून. आणि इथे दोन उशा, दोन दिवे. मी एकदा विचारलंसुद्धा, म्हटलं, "एवढा थाट कुणाचा?" तर ती अभ्र्याची शिवण बघत बसली. मी मनात म्हटलं, हौस आहे, असू दे. बायकांची हौस आणि लिफ्टची घंटा, कारण शोधायला जायचं नाही.

थांबा हं, जरा दार मागे रेटतो… आवाज होईल… हां. घाबरलात? काही नाही, चाक अर्धं वर आलं. साहेब, फाइल खाली ठेवा हवं तर, हात दुखेल. साहेब, तुम्हाला पक्षी वगैरे आवडतात का? नाही, सहज.

आता बदकं! बदकं म्हणजे या सगळ्या प्रकाराचा कळस. एक नवरा, एक बायको. नवरा रंगीबेरंगी, डोक्यावर तुरा, छातीवर निळं-केशरी. बायको साधी, करडी. जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत म्हणे. नैऋत्य कोपऱ्यात फळी ठोकून त्यांना वर बसवायचं, तोंडं समोरासमोर. पाठीला पाठ लागली की संपलं! तर बायको आणि ऊर्जाताई मेणबत्त्यांच्या मापाच्या बश्या आणायला गेल्या आणि जाताना मला बजावलं, "फळी ठोका, पण त्यांना हात लावू नका." आता मला सांगा, फळी ठोकली, पाणसळ लावली, एकदम सरळ, तर माणूस वस्तू ठेवून बघणार की नाही? मी बायको-बदक ठेवलं, छान बसलं. नवरा-बदक उचललं… आणि फोन वाजला, कोणी तरी सहाव्या मजल्यावर अडकलं होतं… आणि नवरा गेला खाली. फरशीवर. मान वेगळी, तुरा वेगळा, आणि चोच कुठे गेली ती अजून सापडलेली नाही.

तीस वर्षांत एक लिफ्ट पाडली नाही मी, आणि वीतभर बदक! आणि समजा खरं सांगितलं असतं, तर काय ऐकावं लागलं असतं? "संसारातला नवरा फोडलात!" म्हणून मी गुपचूप तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून टाकले, सहाव्या मजल्यावरच्यांना सोडवलं, आणि तसाच दुकानात. म्हटलं, "एक नर द्या." दुकानदार काउंटरवर रेलून बसलेला, माणूस इतका जाड की त्याला स्वतःलाच जोडी म्हणावं. म्हणतो, "सुटं बदक मिळत नाही." म्हटलं, "अहो, एकच फुटलंय." "जोडी फोडत नाही आम्ही." म्हटलं, "मग जिची जोडी आधीच फुटली तिने करायचं काय?" तर हा मख्खपणे, "सुटं बदक मिळत नाही!" आणायला गेलो एक, आणली जोडी. नवा नर नेऊन फळीवर ठेवला, आणि नवी मादी… नव्या मादीचं काय करायचं? फळीवर ठेवली तर एक नवरा, दोन बायका. टाकावी तर जीव होईना, चांगली घडवलेली, डोळे असे मऊ. म्हणून रुमालात गुंडाळली आणि हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली ठेवली. चांगलं कापड होतं म्हणून तोच रुमाल घेतला, बस्स, बाकी काही नाही!

बायको घरी आली, फळीसमोर उभी राहिली, मान वाकडी करून बघत राहिली. म्हणाली, "हा वेगळा दिसतोय." म्हटलं, "उजेड वेगळा आहे." म्हणाली, "दुकानात हा तिच्याकडे असा बघत नव्हता." म्हटलं, "घरी आल्यावर सुधारला असेल." निभावलं! पंधरा दिवस निभावलं. पंधरा दिवस ती दुसरी माझ्या खांद्यावर, हॉस्पिटलपासून गोदामापर्यंत, प्रत्येक जिना माझ्याबरोबर चढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, पिशवी जरा खणखणली तरी मी दचकायचो. माझी तक्रार नाही, मी आपला सांगतोय.

आणि काल. काल संध्याकाळी गुलाबी दिव्याचा स्क्रू ढिला झाला. मी चूळ भरत होतो. तिने पेचकस काढायला माझी पिशवी उघडली. माझ्या कानावर आधी पान्यांचा खळखळाट आला, मग शांतता. ती शांतता ऐकली आणि मी तोंडातलं पाणी गिळलं! बाहेर आलो तर ती पलंगासमोर उभी. एका हातात रुमाल. एका हातात बदक. आणि काय विचारावं? "हे काय?" नाही. "ही कोण?"

म्हटलं, "बदक आहे ते." "दिसतंय मला. मादी आहे. एकटी आहे. आणि तुमच्या रुमालात आहे." म्हटलं, "फुटू नये म्हणून." "अस्सं! माझ्यासाठी कधी काही इतकं जपून आणलंत?" आता आली का पंचाईत! मग सांगितलं सगळं, फळी, फोन, फरशी, दुकानदार, सुटं बदक मिळत नाही, सगळं. मला वाटलं, खरं कळलं की हसेल. तर तिचा चेहरा अजूनच उतरला. फळीकडे बघून म्हणते, "म्हणजे पंधरा दिवस ही बिचारी परक्याबरोबर नांदतेय? आणि तिला कोणी सांगितलंसुद्धा नाही?" आणि मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली.

आता बायको रडायला लागली की माझं डोकं चालायचं बंद होतं, मेन पडतो. मी म्हटलं, "अगं, बदकासाठी कोणी रडतं का?" म्हणाली, "बदकासाठी नाही." म्हटलं, "मग?" म्हणाली, "या खोलीत मी सगळं दोन-दोन केलं. दिवे दोन, उशा दोन, दगड दोन. एकच गोष्ट एकटी राहिलीय. बघा तुम्हीच." मी बघितलं. आपली सवयच ती, तपासणी म्हटली की नीट तपासायचं. फळी बघितली, कोपरे बघितले, वर बघितलं. म्हटलं, "पंखा."

हसताय ना? हसा. मीही आज सकाळी हसलो. पण काल नाही हसलो, कारण तिने डोळे पुसले आणि इतकंच म्हणाली, "मी, अहो. मी एकटी आहे."

… …

चाक चढलं बहुतेक. थांबा, बघतो. नाही. निसटलं.

तर म्हणाली, "चार महिने झाले. लेक गेली, आणि त्याच आठवड्यात तुम्ही अंथरूण उचललंत. एका शब्दाने सांगितलं नाही का ते." मी म्हटलं, "अगं गजर! चारचा गजर! तुझी झोप मोडू नये म्हणून गेलो मी!" तर अशी बघायला लागली माझ्याकडे, जसा काही मी एवढ्यातच या घरात राहायला आलोय. म्हणाली, "झोप? अठ्ठावीस वर्षं तुमच्या गजराच्या आधी पाच मिनिटं मला जाग येते. मग गजर सहाचा असो नाहीतर चारचा. अजूनही येते. पडल्या पडल्या ऐकत असते. तुम्ही त्या कॉटला पाय आपटता, मग नळ, मग दार. आणि 'जपून जा' म्हणायला तोंड उघडते तोवर तुम्ही जिन्यात." मग म्हणाली, "मला वाटलं, मी घोरते म्हणून गेलात. लाजेने विचारलं नाही." म्हटलं, "तू घोरतेस?" "नाही घोरत?" "घोरत असशील, मला काय माहीत? मी झोपलेला असतो ना!"

खरं सांगतो, लाज वाटली मला. लोकांच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांशी मी अर्धा-अर्धा तास बोलत राहतो, ती घाबरू नयेत म्हणून. आणि घरातलं माणूस चार महिने एका खोलीत अडकून बसलेलं, तिच्याशी मी एक वाक्य बोललो नाही. ऊर्जाताईला हसलो मी, पण ती निदान आत येऊन म्हणाली तरी की इथे काहीतरी थांबलंय. आणि मलाही त्या कॉटवर कुठे झोप लागत होती हो? चांदण्या मोजत होतो. दोनशे अकरा आहेत.

मग मी म्हटलं, "येऊ का आजपासून?" ती नाक पुसत म्हणाली, "या." मी धावत जाऊन अंथरूण काढलं, घड्याळ काढलं, दारात आलो… तर दारातच हात आडवा! "थांबा. ती आधी घराबाहेर." म्हटलं, "कोण ती?" तर बोट माझ्या पिशवीकडे! म्हटलं, "अगं, मातीचं बदक आहे!" "पंधरा दिवस दिवसभर तुमच्या खांद्यावर असते ती. मी या खोलीत तिसरी येऊ देणार नाही." म्हटलं, "टाकून देतो." तर लगेच ऊर्जाताईला फोन. आणि तिकडून निकाल आला : टाकायचं नाही, प्रेम टाकल्यासारखं होतं. फोडायचं नाही, ते तर नाहीच नाही. दुकानात परत घेत नाहीत. लग्न झालेल्याला द्यायचं नाही, त्याच्या घरात तिसरी शिरेल. एकट्या माणसाला द्यायचं, आणि तेही गळ्यात मारायचं नाही, त्याने आपण होऊन मागितलं पाहिजे. "आणि तोवर भाऊजींनी पलीकडेच झोपावंऽऽ." झालं! बायको राजी, नवरा राजी, आणि बदक अडवून बसलंय! भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, इथे बदक आवर म्हणायची वेळ.

म्हणून काल पुन्हा कॉट. पुन्हा पाय बाहेर. आणि आज पहाटेपासून मी एकटा माणूस शोधतोय. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरला विचारलं, "लग्न झालंय का?" तर त्याने माझंच बीपी बघितलं. तिथल्या रखवालदाराला विचारलं, म्हणाला, "दोनदा." गोदामातल्या बाईंना विचारलं, तर त्यांना वाटलं मी मागणीच घालतोय, त्यांनी भावाला बोलावलं! माझी तक्रार नाही, मी आपला…

काय साहेब? काय म्हणालात? परत बोला. "बघू तरी"? ताई, ऐकलंत ना तुम्ही? दादा, तुम्ही पण साक्षीला! मी म्हटलं नाही हं घ्या म्हणून! एक शब्द तसा काढलेला नाही! साहेब आपण होऊन म्हणाले, बघू तरी! थांबा, थांबा, आता हे चाक चढत नाही म्हणजे काय, त्याचा बाप चढेल… हंऽऽ… चढलं! सरका मागे, दार उघडतोय. एक फूटभर वर चढावं लागेल, पायरी समजा. ताई, हात द्या. दादा, तुम्ही. आणि साहेब, या, सावकाश. ही बघा. नाही, रुमालासकट घ्या. डोळे बघा किती मऊ आहेत. तुम्ही राहता कुठे, एकटेच ना? कोपरा आहे ना नैऋत्येला? मग झालं तर! काय? घरी बोलायला कोणी नाही म्हणून म्हणालात होय बघू तरी? अहो, मग आधी नाही का सांगायचं! कधी अडकलात तर फोन करा मला. नाही अडकलात तरी करा.

गेले. बघा, कसे हातात धरून नेतायत, फाइल काखेत आणि बदक छातीशी. बरं वाटलं.

एक मिनिट हं ताई, जाऊ नका, या कागदावर सही लागते, तेवढ्यात घरी फोन लावतो… हॅलो! अगं, गेली! हो, मागून नेली! साक्षीदार आहेत दोन! नाही, लग्न झालेलं नाही, चांगला माणूस आहे. हो. हो, येतो ना, लवकर येतो. हो, जपूनच येतो. काय? काय आणू?… बरं. बरं, आणतो.

नाही ताई, काही नाही. येताना गजराचं घड्याळ आणायला सांगितलंय. माझं आहे ना, ते चालतं, काही बिघडलेलं नाही. पण ते एकटं आहे म्हणे. एक माझ्या उशाशी, एक तिच्या उशाशी, दोन्हींवर दोन-दोन घंटा, आणि दोन्ही चारला वाजणार. आणि ती तर पाच मिनिटं आधीच जागी होऊन वाट बघत पडलेली असणार! माझी तक्रार नाही… इथे सही करा.